'तरच'मधला च

माझ्या हाताखाली शिकून गेलेली मुलं रस्त्यात भेटली की एक गोष्ट हमखास काढतात: मॅडम, तुम्ही आमच्या बोलण्यातले 'च' पकडायच्या. पकडायचे, खरं आहे. अजूनही पकडते. परवा भाजीवाला म्हणाला, "पाचच्या आत आलात तरच मेथी मिळेल," तर मी त्याला विचारलं, म्हणजे पाचच्या आत आले तर नक्की मिळेल, असं काही तुम्ही म्हणत नाही आहात ना? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विषय संपवायला पिशवीत फुकटची कोथिंबीर टाकली. लोकांना वाटतं हा मास्तरकीचा रोग आहे. रोग आहे हे मान्य, पण तो कॉलेजात जडलेला नाही. तो धायरीतल्या आमच्या दोन खोल्यांत जडला, ज्या दिवसांत ताईचं लग्न ठरत होतं आणि मी एका असाइनमेंटपायी घरातल्या माणसांची वाक्यं गोळा करत फिरत होते.

धायरी तेव्हा शहरात नीट मुरली नव्हती. सिंहगड रस्त्यावरून आत वळलं की एका हाताला नव्या इमारतींचे सांगाडे आणि दुसऱ्या हाताला ज्वारी. आज त्या ज्वारीच्या जागी जे काही उभं आहे, त्याच्या पार्किंगमध्ये मी मागे एकदा रस्ता चुकले. आमची घरमालकीण मूळ गावातली, आम्ही अकोल्याकडचे. तिचं 'हाय' आणि 'न्हाय', आईचं 'काहून व' आणि 'होय ना'. दोघींना एकमेकींचं बोलणं अर्धंमुर्धंच कळायचं, पण पाण्याचा टँकर आला की दोघी कशा बिनचूक भांडायच्या. बाबा कारखान्यात लेथवर होते, त्या नोकरीच्या मागे आम्ही सगळे पुण्यात आलो. मग कारखाना बंद पडला आणि बाबा दिवसभर घरात राहू लागले. घरात दिवसा पुरुष असण्याची आम्हाला सवय नव्हती. आई भाकरी थापताना गुणगुणायची, ते थांबलं. बाबांनी आधी कडी दुरुस्त केली, मग स्टोव्ह, मग कुकरची शिटी, आणि बिघडलेलं सगळं संपल्यावर ते न बिघडलेल्या वस्तू खोलायला लागले. संध्याकाळी फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर स्क्रू मांडून बसलेले बाबा पाहिले की मी वही घेऊन जिन्यात जाऊन बसायचे.

घर चालत होतं ते ताईच्या नोकरीवर. ताई, म्हणजे मंदा, सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. सकाळी अंधूक उजेडात निघायची आणि दिवेलागणीला परतायची, आणि घरातलं जेवण तिच्या बसवर अवलंबून असायचं. चून करून ठेवलेलं असायचं, म्हणजे तुम्ही ज्याला पिठलं म्हणता ते. त्यावर साय धरायची, तरी आई तव्यावर भाकरी टाकायची नाही. जिन्यात ताईच्या चपला वाजल्या की पहिली भाकरी पडायची. ती आत यायची ती स्पिरिटचा वास घेऊन. आईला तो वास आवडत नसे, ती हात दोनदा धुवायला लावी. मला आवडायचा. जेवताना ताई त्या दिवशी सूक्ष्मदर्शकात काय पाहिलं ते सांगायची. एखादी पेशी किती गोल होती, दुसरी कशी दाते पडल्यासारखी होती. आई म्हणायची, "जेवता जेवता नको व बाई." ताई हसायची आणि जवसाची चटणी पुढे ओढायची. माझ्या माहितीत स्वतःच्या कामावर इतकं प्रेम करणारं दुसरं माणूस नाही, आणि मी विद्यापीठात बरीच वर्षं काढली आहेत.

मी तेव्हा एमएस्सीला होते, कॉम्प्युटर सायन्स. आम्हाला तर्कशास्त्र शिकवायला साठे बाई होत्या. सुती साडी, पायात साध्या चपला, आणि जीभ अशी की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वेळेवर यायची. बाई मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जा-ये करत शिकवायच्या. कुठलंही गुंतागुंतीचं विधान घ्यायचं आणि ते प्रमाण रूपात आणायचं, हा त्यांचा आवडता भाग. प्रमाण रूप म्हणजे काय, तर विधानातलं सगळं जर-तर काढून टाकायचं, नकार आत आत ढकलून थेट शब्दाला चिकटवायचा, आणि शेवटी 'किंवा'ने बांधलेल्या लहान लहान पुड्या 'आणि'च्या दोऱ्यात ओवायच्या. "घाबरू नका," बाई म्हणाल्या होत्या, "मराठी माणूस हे जन्मापासून करतो. 'दूध नसेल तर काळा चहा' म्हणजे काय? 'दूध, नाहीतर काळा चहा.' गेलं की नाही जर-तर?" एकदा सगळं असं 'नाहीतर'वर आलं, की मग बघायचं: प्रत्येक शब्दाला खरं किंवा खोटं ठरवून सगळ्या पुड्या एकाच वेळी खऱ्या करता येतात का? प्रत्येक पुडीतलं निदान एक तरी खरं हवं. आले करता तर विधान 'सॅट', नाही आले तर 'अनसॅट'. आम्ही मुलं दिवसभर कशालाही अनसॅट म्हणायचो, मेसच्या आमटीलासुद्धा. आज हजारो पुड्यांची कोडी यंत्र चुटकीसरशी सोडवतं, माझ्या विद्यार्थ्यांना त्याचं काही वाटत नाही. आम्ही हाताने करायचो आणि मग लॅबमध्ये नंबर लागला की स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर पडताळायचो.

असाइनमेंट अशी की प्रत्येकाने आपल्या घरातली खरीखुरी अडचण आणायची. "पुस्तकातलं उदाहरण मलाही वाचता येतं," बाई म्हणाल्या. "ते आणायचं असेल तर आपण येण्याची तसदी घेऊ नये." बाकीच्यांनी मजेशीर काही काही आणलं, कोणी स्कूटर कोण वापरणार याचं, कोणी खोलीत कोण कधी अंघोळ करणार याचं. आमच्या घरात त्या दिवसांत एकच विषय होता.

मूर्तिजापूरकडचं स्थळ होतं. माणसं ओळखीतली, मुलगा शाळेत शिक्षक, पाहणं झालेलं, पसंती झालेली. बाबांना कारखाना गेल्यापासून पहिल्यांदा कुठे काहीतरी धड होताना दिसत होतं. त्यांच्याकडून फोन आला तेव्हा घरात ताई एकटीच होती. बाबा परतल्यावर तिने दारातच सांगितलं, "त्याईचा फोन होता. म्हने, पोरीनं नोकरी सोडली तरच लग्न." बाबा पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्या आठवड्यात घरात जे जे बोललं गेलं ते मी टिपत गेले, कारण मला असाइनमेंट हवी होती आणि कारण, खरं सांगायचं तर, दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं. बाबा म्हणाले, मंदाची नोकरी सुटली तर हे घर ठेवता येणार नाही, गावाला जावं लागेल. आई म्हणाली, घर सोडलं तर रजनीचं शिक्षण थांबेल, पोरीला एकटीला कुठे ठेवायचं पुण्यात? रजनी म्हणजे मी. मग बाबा म्हणाले, रजनीचं शिक्षण थांबणार नाही, मी जिवंत आहे. आणि मग म्हणाले, हे लग्न झालंच पाहिजे.

कागदावर हे पाच ओळींत बसतं. 'ताई नोकरी सोडते, नाहीतर लग्न होत नाही.' 'ताई नोकरी सोडत नाही, नाहीतर घर सुटतं.' 'घर राहतं, नाहीतर शिक्षण थांबतं.' आणि मग दोन एकेकट्या पुड्या: शिक्षण चालू राहतं, लग्न होतं. लग्न खरं धरलं की नोकरी सोडावी लागते, ती सोडली की घर जातं, घर गेलं की मी जाते, आणि मी तर राहायलाच हवी. हाताने करून पाहिलं, प्रोग्रॅमला दिलं. अनसॅट. वर्गात हा शब्द आला की आम्ही टाळ्या वाजवायचो. मी स्क्रीनकडे बघत बसले आणि मला रडू फुटलं. शेजारचा मुलगा म्हणाला, "अगं, कंपाइल तर झालाय ना?"

घरी आले तर बाबांनी कशी कोण जाणे नेमकी त्याच दिवशी चौकशी केली. समोर मिक्सर उघडा पडला होता. "तू ते आपल्या घराचं गनित मांडलं म्हने? काय निघालं?" मी सांगितलं की सगळ्यांचं सगळं एकदम खरं होऊ शकत नाही. बाबांनी विचारलं, "तुह्याकडून काही चुकलं तं नाही?" मी नाही म्हणाले. "मंग?" मी म्हणाले, "यातलं कुठलंही एक सोडलं तर बाकीचं सगळं जमतं." त्यांनी बराच वेळ मिक्सरचं पातं बोटावर फिरवलं. मग मान हलवत म्हणाले, "कोनतंही एक," आणि पुन्हा कामाला लागले. मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं, गणित आजही तेच म्हणेल. पण त्यांच्या त्या मान हलवण्याची मला भीती वाटली.

साठे बाईंनी कागद वाचला तो माझ्यासमोरच, स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या. प्रमाण रूपाला त्यांनी हातही लावला नाही. पहिल्या मराठी वाक्यावर बोट ठेवलं. "हे 'तरच' कोण म्हणालं?"

"मुलाकडचे."

"आपण ऐकलंत?"

"नाही. बहिणीने ऐकलं."

"मग आपण निरोप आणलात, अहो वानखडे. मी वाक्य मागितलं होतं." त्यांनी माझ्याच पेनाने 'तरच'मधल्या च भोवती गोल काढला. "हा काढून परत करा." मी तिथेच भिंतीला कागद टेकवून केलं. 'नोकरी सोडली तर लग्न', म्हणजे 'नोकरी सोडत नाही, नाहीतर लग्न होतं.' एक अक्षर गेलं आणि नकार इकडचा तिकडे झाला. नोकरी न सोडताही लग्न खरं धरता येत होतं. नोकरी राहिली, घर राहिलं, मी राहिले. सगळं जमत होतं. "अनसॅट आलं की माणसं आधी नशिबाला दोष देतात," बाई म्हणाल्या. "वाक्य कोणी परत विचारत नाही. या आता." मी बसने न जाता धायरीच्या दिशेने चालत सुटले होते, हे मला पुष्कळ पुढे गेल्यावर लक्षात आलं. आनंदाने चालत होते की आणखी कशाने, कोण जाणे. मनात एक शंका आली होती आणि ती मला नको होती.

रविवारी सकाळी ताई गच्चीवर मुगाच्या वड्या उलटत होती. आईने जुन्या धोतरावर वड्या घातल्या होत्या आणि ताईला कावळ्यांपासून राखण करायला बसवलं होतं. ओले केस मोकळे सोडलेले, हातात एक काटकी. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "ताई, मूर्तिजापूरचे लोक फोनवर नक्की काय म्हणाले? शब्दन् शब्द सांग."

"काहून?"

"बाईंनी मूळ वाक्य आणायला सांगितलंय."

"तुह्या बाईले काय करायचं व माह्या लग्नाचं?"

"ते 'तर' म्हणाले का 'तरच'?"

तिने एक वडी उलटली, मग उलटलेलीच पुन्हा उलटली. "तर म्हनाले," ती म्हणाली. "पोरीनं नोकरी सोडली तर पुढच्या महिन्यातच उरकून टाकू. नाही सोडली तं तिकडं बदली, काम काही मिळंपर्यंत थांबू, आमाले घाई नाही. चांगली मानसं आहेत ते."

"मग च?"

"च माहा होय."

मला आधी नुसता राग आला. आठवडाभर घरात कोणी धड जेवलं नव्हतं. मी म्हणाले, "लग्न करायचं नाही तर तसं सांग ना बाबांना!" ताईने काटकी खाली ठेवली. "आपल्या घरात कोन्या पोरीनं 'नाही' म्हटलेलं ऐकलं का तू? आईनं म्हटलं? आत्यानं? आपल्याले 'नाही' म्हनता येत नाही रजे. 'तरच' म्हनता येते. अट त्याईची, 'नाही' कोनाचंच नाही. मले वाटलं, बाबा म्हनतीन नोकरी कशी सोडायची, अन् आपल्याच हातानं मोडतीन." मग तिचा आवाज बारीक झाला. "मले त्याच्याशी नाही करायचं असं नाही. मले कोनाशीच नाही करायचं. मले सकाळी जाऊन त्या काचेले डोळा लावून बसायचं आहे. एवढंच पाह्यजे मले, अन् एवढं सांगाले मले तोंड नाही." माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिचा हात धरला, त्याला डाळीचा वास येत होता. पण एक गोष्ट दोघींनाही कळत होती. बाबा मोडत नव्हते. आणि हा च मी काढला तर तिचं लग्न होणार होतं, ठेवला तर घर जाणार होतं.

खालून आईने जेवायला हाक मारली. गोळाभात केला होता, डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला, बाबांच्या आवडीचा, आणि बाबा खुशीत होते. कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतःहून तेल वाढून घेतलं. पहिला घास झाल्यावर ते म्हणाले, "ठरलं माहं. मंदानं राजीनामा द्यावा. हे घर सोडू, गावाले जाऊ."

"अन् रजनीचं?" आईने विचारलं.

"थांबंल. मले समजते थांबंल म्हनून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हिचंच गनित म्हनते ना, कोनतं तरी एक सोडा लागते? मंग मी माहा शब्द सोडला. एकीचं तरी मार्गी लागंल."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजपर्यंत माहीत नाही, खूप वेळा विचार करून पाहिला आहे. ताईने माझ्या मनगटावर उष्टा हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मले लग्न नाही करायचं."

"आत्ता नाही म्हनते का? थांबाले सांगू त्याईले."

"नाही."

"हा पोरगा नाही आवडला? तसं सांगावं ना मंग. दुसरं पाहू."

"नाही बाबा. कोनीच नाही."

"नोकरी सोडा लागते म्हनून म्हनते तू. समजावून सांगू, ऐकतीन ते."

"ते सोडा म्हनालेच नाहीत. 'च' मी जोडला." तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मले करायचंच नाही. कशानंच नाही."

बाबा एकामागून एक तिच्यापुढे अटी ठेवत होते, हे मला तेव्हा नाही, फार पुढे कळलं. आत्ता, हा, नोकरी. कुठल्या तरी अटीवर तिने हो म्हणावं म्हणून ते अक्षरशः विनवत होते. त्यांच्याजवळच्या अटी संपल्या तेव्हा ते उठले, हात धुतला, आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आई भाताकडे बघत म्हणाली, "गरम होता व भात," आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः मूर्तिजापूरला फोन लावला. आमच्याकडूनच निरोप चुकला, असं सांगून त्यांनी माफी मागितली, ताईचं नाव घेतलं नाही.

घर राहिलं. माझं शिक्षण झालं, ते ताईच्या पगारावर झालं. बाबांना पुढे नऱ्ह्यात एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं आणि आई पुन्हा गुणगुणायला लागली. वरवर पाहता सगळं जमलं होतं. पण त्या रविवारनंतर बाबांनी ताईला काही विचारलं नाही. बोलणं सोडलं असं नाही. "दार लाव," म्हणत, "पाऊस येते, छत्री घे," म्हणत. विचारत मात्र नसत. भाकरी हवी का, बस मिळाली का, तब्येत कशी आहे, हे सगळं ते मला विचारत, ताई समोर बसलेली असली तरी. "तिले इचार, चहा घेते का." आधी मला वाटलं हा राग आहे, उतरेल. मी त्यांच्याशी भांडले, आई भांडली. ताई कधी भांडली नाही. आता माझे केस पांढरे झाल्यावर मला वाटतं, तो राग नव्हता. तिच्याकडून आणखी एक 'नाही' ऐकण्याची त्यांना भीती वाटत होती. म्हणून ते विचारतच नव्हते.

त्यांच्या शेवटच्या आजारात रक्त ताईनेच काढलं. तपासलंही तिनेच. तोवर ती त्या लॅबमध्ये सगळ्यांची वरिष्ठ झाली होती. संध्याकाळी ती रिपोर्ट घेऊन आली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून खाटेशी उभी राहिली. मी पलीकडच्या बाजूला होते. बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "तिले इचार," ते म्हणाले, "काय निघालं त्यात." मी विचारलं. ताईने मला सांगितलं, काही न लपवता, आणि मी बाबांना सांगितलं, थोडं लपवून. त्यांनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं, कारण त्यांनी ताईचंही सगळं ऐकलेलं होतं. मग डोळे न उघडताच ते मला म्हणाले, "तिले सांग, उभी नको राहू म्हना. सकाळपासून उभीच असंल. पाय दुखतीन तिचे."

खुर्ची तिच्या मागेच होती. मी तिला सांगितलं, आणि ती बसली.